वेल्डहोवनमध्ये भाड्याने घर शोधताना आणि मिळाल्यावर

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आसपास चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल कंपनीमुळे आणि हायटेक कॅम्पसमुळे आपली माणसं एवढी वाढलीयेत की सारखा कुणाच्या तरी मित्राच्या मित्राचा फोन असतो, ताई आम्ही येतोय, घराचं कसं करायचं. तेच तेच फोनवर सांगून झालंय म्हणून एकदा सगळं लिहून काढते. आम्ही वेल्डहोवनला राहतो, आइंडहोवनला चिकटूनच आहे, तीन बेडरूमचं रो-हाऊस, पुढे हातभर बाग, मागे जरा मोठी, मागच्या टोकाला सायकली ठेवायची लाकडी शेड, आणि गल्ली इतकी शांत की कोपऱ्यावर सायकल वळली तरी घरात कळतं.

आधी थोडं पुण्याचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. लग्नानंतर आम्ही कायम भाड्यानेच राहिलो. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, ते संपत आलं की मालकांचा फोन, भाडं वाढणार किंवा घर मुलाला हवंय, मग परत ब्रोकर, परत टेम्पो, परत गॅसचा पत्ता बदला. भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारून. सोसायटीच्या मीटिंगला मालक लोक, आपण नाही. त्यामुळे भाडेकरू म्हणजे आज इथे उद्या तिथे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. नेदरलँड्सला आल्यावर माझ्या मनात सगळ्यात जास्त बदललं असेल तर ते हेच, पण ते लगेच नाही झालं.

२०२३ च्या जुलैमध्ये आलो तेव्हा आइंडहोवन स्टेशनजवळ एक फ्लॅट मिळाला, दोन वर्षांचं टेंपररी ॲग्रीमेंट, तेव्हा तसं सर्रास चालायचं. १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला, आता विद्यार्थी वगैरे ठराविक अपवाद सोडले तर नवीन ॲग्रीमेंट बेमुदतच करावं लागतं, पण आमचं आधीचं असल्याने आम्हाला जुनेच नियम. मुदत संपायच्या आधी मालकांचं पत्र आलं की पुढे चालू ठेवणार नाही, फ्लॅट विकायचाय. असं पत्र संपायच्या तीन महिने ते एक महिना आधी लेखी यावंच लागतं, नाही आलं तर ते ॲग्रीमेंट आपोआप बेमुदत होतं, हे ज्यांची अजून जुनी ॲग्रीमेंटं आहेत त्यांनी नक्की बघून ठेवा. आमचं वेळेत आलं होतं, त्यामुळे शोधायला लागलो.

आणि तेव्हा कळलं की बाजारात घरंच कमी. भाड्याची मर्यादा ठरवणारी गुणांची पद्धत मधल्या वर्गातल्या घरांनाही सक्तीची झाली, भाड्याच्या घरांवरचा टॅक्सही मालकांना जड जातोय, त्यामुळे बरेच छोटे मालक भाडेकरू गेला की घर विकून मोकळे होतायत. ही गुणांची भानगड समजून घ्या, फार कामाची आहे. घराचं क्षेत्रफळ, एनर्जी लेबल म्हणजे घर वीज-गॅस किती खातं त्याचा दर्जा, किचन, बाथरूम, बाग किंवा बाल्कनी, नगरपालिकेने ठरवलेली घराची किंमत या सगळ्याला गुण असतात. २०२५ मध्ये १८६ गुणांपर्यंतच्या घराला भाड्याची कमाल मर्यादा होती, १८६ गुणांना महिना ११८४ युरो ८२ सेंट. १८७ पासून पुढे खुला बाजार, मालक मागेल ते. १ जानेवारी २०२५ पासून नवीन ॲग्रीमेंटबरोबर मालकाने गुणांचा हिशोब जोडूनच द्यायचा असतो. आणि कुणी ११० गुणांचं घर खुल्या बाजाराच्या भावाने देत असेल तर ह्यूरकमिसी नावाची सरकारी यंत्रणा आहे तिच्याकडे जाता येतं, फी अगदी थोडी. त्यांच्या साइटवर स्वतः गुण मोजूनही बघता येतात. मी प्रत्येक घराचे मोजायचे, जाहिरातीत क्षेत्रफळ आणि लेबल दिलेलं असतंच, साधारण अंदाज येतो.

शोध फुंडा आणि पारारियस या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर. अलर्ट लावून ठेवा आणि फोन हातात ठेवा, कारण सकाळी नऊला जाहिरात पडली की दुपारपर्यंत एजंट म्हणतो पुरेसे अर्ज आले. डच भाषेत छोटं ओळखपत्र तयार ठेवलं होतं, आम्ही तिघं, नोकरी काय, परमनंट कॉन्ट्रॅक्ट आहे, सिगारेट नाही, कुत्रामांजर नाही, मुलगी इथल्याच शाळेत जाते, का हलतोय. सोबत एकाच पीडीएफमध्ये शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा, कंपनीचं पत्र, आधीच्या मालकांचं पत्र की भाडं वेळेवर यायचं. पासपोर्टची कॉपी देताना सरकारचंच कॉपीआयडी नावाचं ॲप आहे, त्यात बीएसएन, म्हणजे इथला प्रत्येकाचा सरकारी ओळख नंबर, झाकता येतो आणि कॉपी कुणाला कशासाठी दिली ते त्यावरच उमटवता येतं. ते करूनच द्या, तुमचा बीएसएन दहा अनोळखी ऑफिसांत पडून राहायची काही गरज नाही. बहुतेक ठिकाणी महिन्याचा ग्रॉस पगार भाड्याच्या तिप्पट ते चौपट मागतात, दोघांचे पगार मिळून धरतात का ते आधीच विचारा, काही ठिकाणी दुसरा पगार अर्धाच धरतात.

जाहिरात वाचताना एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना धक्का देते. इथे घर तीन प्रकारचं मिळतं. एकात फर्निचरसकट सगळं. दुसऱ्यात फरशीवर लॅमिनेट आणि खिडक्यांना पडदे, बस. आणि तिसरं म्हणजे नुसता सांगाडा, खाली सिमेंट, छताला वायरी लोंबतायत, कधी कधी दिव्याचे होल्डर पण नाहीत, कारण आधीचा भाडेकरू स्वतः घातलेलं लॅमिनेट उचलून घेऊन जातो. किंवा तो म्हणतो मला अमुक पैसे द्या, मी फरशी आणि पडदे ठेवून जातो. हे पैसे घेणं चालतं, पण वस्तूंच्या किमतीच्या मानाने वाजवी असावेत. आम्ही मधला प्रकार बघत होतो.

फसवाफसवीचं पण लिहितेच. स्वस्तातलं सुंदर घर, मालक म्हणे परदेशात, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, वर एखाद्या नावाजलेल्या बुकिंग साइटसारखी दिसणारी लिंक. नवऱ्याच्या टीममधल्या एका नवीन मुलाचे असे पैसे गेले, बिचारा भारतातूनच सगळं ठरवून यायला बघत होता. घर डोळ्याने बघितल्याशिवाय, किंवा आपलं माणूस तिथे उभं राहून व्हिडिओ कॉल केल्याशिवाय एक युरो टाकू नका. आणि जाहिरातीत लिहिलं असेल की पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही तर ते घर सोडूनच द्या. नगरपालिकेत, म्हणजे इथल्या खेमेंटेमध्ये, राहता त्या पत्त्याची नोंद करणं बंधनकारक आहे, पहिल्यांदा येणाऱ्यांचं तर बीएसएन, बँक, इन्शुरन्स सगळं त्यावरच अडतं.

घरं बघायला दहा-दहा मिनिटांच्या वेळा देतात, आधीचं जोडपं बाहेर पडतं तेव्हा आपण दारात उभे. एवढ्या वेळात बघायचं काय तर बाथरूमच्या आणि बेडरूमच्या कोपऱ्यांत बुरशीचे डाग, खिडक्यांना डबल काच आहे का, बॉयलर किती जुना, एनर्जी लेबल. लेबल खराब असलेलं घर हिवाळ्यात बिलाने खाऊन टाकतं. जिने इथे फार उभे असतात, आईबाबा येऊन राहणार असतील तर गुडघ्यांचा विचार करून ठेवा, टॉयलेट खाली असतं पण अंघोळ वरच. गॅस आहे का इंडक्शन तेही बघा. १ जुलै २०१८ पासून बांधकामाची परवानगी मागितलेल्या नव्या घरांना गॅसचं कनेक्शनच देत नाहीत, उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनमधल्या गॅसच्या उपशामुळे तिकडे भूकंप व्हायचे, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो उपसा थांबवला, सगळा देशच हळूहळू गॅस सोडतोय. आमच्या घरी इंडक्शन आहे, फुलका आचेवर फुगवता येत नाही, तव्यावरच कपड्याने दाबून फुगवते, जमतं.

एका एजंटने फोनवर सरळ विचारलं, तुम्ही घरी इंडियन जेवण बनवता का, मालकांना वासाचा प्रॉब्लेम आहे. मला इतकं लागलं ते. रोजचं वरणभात, भाजी, त्यासाठी घर नाकारणार? मी शांतपणे सांगितलं की हो बनवतो, एक्झॉस्ट लावून बनवतो, आणि आम्हाला नाही निवडलं तर कारण लेखी पाठवा. १ जुलै २०२३ च्या कायद्याने मालक आणि एजंट दोघांनाही भाडेकरू निवडायचे निकष स्पष्ट ठेवावे लागतात आणि दुसऱ्या कुणाला का निवडलं ते नाकारलेल्या माणसाला सांगावं लागतं. कारण आलं, दुसऱ्यांचा पगार जास्त. खरं असेल नसेल, पण मागितल्याचं मला बरं वाटलं आणि तुम्हीही मागा. भेदभाव होतोय असं वाटलं तर खेमेंटेत तक्रार करायची सोय त्याच कायद्याने केलीये.

आत्ताचं घर मिळालं ते एका वयस्क जोडप्याचं. त्यांची मुलं मोठी होऊन गेली, ते स्वतः जवळच एका लिफ्टवाल्या छोट्या फ्लॅटमध्ये गेले. घर दाखवायला एजंटसोबत आजी स्वतः आल्या होत्या, मुलीला मागची बाग दाखवली, हे सफरचंदाचं झाड माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळचं आहे म्हणाल्या, तोडणार नाही ना तुम्ही. मी म्हटलं आमच्याकडे फळझाड कुणी तोडत नाही. दुसऱ्या दिवशी एजंटचा मेल आला की घर तुम्हाला.

ॲग्रीमेंट डचमध्ये, सोबत इंग्रजी भाषांतर, पण सही डचवर आणि वाद झाला तर डचच चालतं, म्हणून नवऱ्याच्या डच सहकाऱ्याकडून ओळ न ओळ वाचून घेतलं. गुणांचा हिशोब जोडलेला होता, १८७ च्या वर, म्हणजे खुल्या बाजारातलं. डिपॉझिट दोन महिन्यांचं मूळ भाडं, त्याहून जास्त घेताच येत नाही. घर सोडल्यावर ते १४ दिवसांत परत द्यावं लागतं, काही कापायचं असेल तर ३० दिवसांत हिशोबासकट. आमच्या जुन्या फ्लॅटचं तसंच वेळेत परत आलं. नवीन एजंटने मात्र कॉन्ट्रॅक्ट बनवायचा खर्च म्हणून अडीचशे युरो लावले होते. मालकांसाठी काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून असली फी घेता येत नाही, तसं दोन ओळींत लिहून पाठवलं, त्यांनी काढून टाकली. भांडावं लागत नाही, फक्त नियम माहीत आहे हे समोरच्याला कळावं लागतं.

आणि मुदत, बेमुदत. पहिलं वर्ष आम्ही सोडायचं नाही, त्यानंतर आम्हाला वाटलं तर एक महिन्याची नोटीस. मालकांना मात्र आम्हाला मनात आलं म्हणून काढता येत नाही, कायद्यात लिहिलेलं कारण लागतं, आम्ही तयार नसलो तर कोर्टात जावं लागतं. त्यांनी घर विकलं तरी नवीन मालक आमच्यासकटच विकत घेणार. मालक परदेशी जाऊन परत येणार असतील तर तशी अट ॲग्रीमेंटमध्ये असू शकते, ती आहे का ते मी मुद्दाम शोधलं, नव्हती. भाडं वर्षातून एकदाच वाढतं आणि त्यालाही सरकारी मर्यादा, २०२५ मध्ये खुल्या बाजारातल्या घरांना जास्तीत जास्त ४.१ टक्के. सही करून आल्यावर नवरा म्हणाला, आता भिंतीला कपाट ठोकू या. मला एकदम भरून आलं, एवढ्याशा वाक्याने.

किल्ली मिळते त्या दिवशी एजंट खोली न खोली फिरून यादी करतो, कुठे ओरखडा, कुठे डाग, किल्ल्या किती, वीज गॅस पाण्याचे मीटर. तुम्हीही सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मेल करून ठेवा, डिपॉझिट परत मिळताना हाच कागद कामाला येतो. विजेची कंपनी आपण निवडायची, पाण्याची निवडता येत नाही, आमच्याकडे ब्राबांट वॉटर. पत्ता बदलल्याचं डिगीडीने, म्हणजे सरकारी साइटवरच्या लॉगिनने, ऑनलाइन कळवता येतं, हलायच्या आधी चार आठवड्यांपासून हलल्यावर पाच दिवसांपर्यंत. इंटरनेट आधीच बुक करा, तंत्रज्ञाची तारीख लवकर मिळत नाही. घरातल्या सामानाचा आणि आपल्याकडून कुणाचं नुकसान झालं तर त्याचा इन्शुरन्स काढून ठेवा, महागात नाही जात. कचऱ्याचा कर आणि पाणी मंडळाचा कर भाडेकरूलाच येतो, आमचं पाणी मंडळ डे डोमेल. अर्धा देश समुद्राच्या पाण्यापासून आणि पुरापासून जपायचा तर ही मंडळं लागणारच, शेकडो वर्षांपासून आहेत ती, त्यामुळे तो कर भरताना मला जड वाटत नाही.

आता गल्लीबद्दल, कारण खरं सांगायचं तर मला सगळ्यात धास्ती तिचीच होती. स्टेशनजवळ गजबज होती, कुणाला आपलं काही ऐकू जात नव्हतं. इथे संध्याकाळी सहाला सगळे जेवायला बसतात आणि नंतर रस्त्यावर माणूस नाही. पुढच्या खिडक्यांना पडदे लावत नाहीत, आतले दिवे, झाडं, टीव्ही बघणारे लोक सगळं दिसतं. रो-हाऊसची भिंत सामाईक, जिन्यावरून पळालं तर शेजारी कळतं, सकाळी सातला मिक्सरवर चटणी वाटायची म्हणजे मनात धाकधूक. सामान लागल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही तिघं दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांची बेल वाजवून आलो, नाव सांगितलं, हातात घरच्या नानकटाया. हे त्यांच्याकडे नवीन येणाऱ्यानेच करायचं असतं, ते आपणहून येत नाहीत कारण त्यांना वाटतं तुम्हाला त्रास कशाला. बेल वाजवल्यावर चेहरे इतके उजळले. उजवीकडच्या आजींनी विचारलं मिक्सर किती वाजता लावतेस, मी म्हटलं सात, त्या म्हणाल्या मी सहाला उठते, लाव खुशाल. डावीकडे रात्रपाळी करणारे नर्सकाका, त्यांनी आपल्या पाळ्यांचा कागदच आणून दिला. त्या दिवसांत आम्ही सकाळी आवाज टाळतो.

मला तेव्हा समजलं की ही शांतता अशी आपोआप पडलेली नाहीये. रविवारी कुणी ड्रिल चालवत नाही, काचेच्या बाटल्या टाकायला रात्री कुणी जात नाही, पार्टी असली की आधी आजूबाजूच्या पत्रपेट्यांत चिठ्ठी पडते की शनिवारी अकरापर्यंत जरा आवाज होईल, सांभाळून घ्या. पार्सल आलं आणि घरी नसलं तर पोस्टमन शेजारी ठेवतो आणि संध्याकाळी ते घ्यायला जाताना दोन वाक्यं होतात, आमची अर्धी ओळख पार्सलांमुळेच झाली. पुढची बाग वाढली की कापायची जबाबदारी भाडेकरूची, रेडिएटरमधली हवा काढायची आणि बॉयलरमध्ये पाणी भरायचं कामही आपलंच, नर्सकाकांनी छोटी किल्ली घेऊन येऊन दाखवलं. मोठं काही बिघडलं तर मालकांचं.

२७ ऑगस्टला गणपती बसणार होते. टाळ झांजा, आरती, पंधरावीस माणसं, मनात प्रश्नच होता. मग आम्हीही डचमध्ये चिठ्ठी लिहिली, आमचा सण आहे, संध्याकाळी सात ते आठ आरतीचा आवाज येईल, आणि कुणाला बघायला यायचं असेल तर स्वागत. वाटलं होतं एखादं कुणी येईल. समोरचे सगळे आले, उजवीकडच्या आजी फुलं घेऊन आल्या, नर्सकाका ड्यूटीवर जाता जाता दारात पाच मिनिटं उभे राहिले. घरमालक आजी-आजोबाही आले. मोदक कॉफीबरोबर खाल्ला त्यांनी, चालतं. घरमालक आजींना शाडूची मूर्ती बादलीत विरघळवून ती माती बागेत घालतो हे फार आवडलं, म्हणाल्या सफरचंदाच्या झाडाला घाल. तिथेच घातली.

नंतर थंडीत खेमेंटेचं पत्र आलं, या पत्त्यावरच्या रहिवाशांना. गल्लीतली सांडपाण्याची जुनी पाइपलाइन बदलायची आहे, रस्ता खोदणारच आहोत तर परत बांधताना कसा हवा ते सांगायला या. मी पत्र मालकांना पाठवायला निघाले होते. आजी फोनवर म्हणाल्या, मला कशाला पाठवतेस, तिथे मी राहत नाही, तू राहतेस. गेलो दोघं शाळेच्या हॉलमध्ये. मोठा नकाशा टेबलावर, हातात चिकटवायचे रंगीत ठिपके, प्रत्येक घराने आपलं म्हणणं लावायचं. घर कुणाचं स्वतःचं, कुणाचं भाड्याचं, कुणीच विचारलं नाही. पार्किंगच्या दोन जागा कमी करून झाडं लावायची की नाही यावर बराच वाद झाला, समोरच्यांकडे दोन गाड्या आहेत, ते नाराज होते. आम्ही झाडाच्या बाजूने ठिपका लावला आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये का ते सांगितलंही, उन्हाळ्यात आमच्या बाजूला दुपारभर ऊन असतं, मुलं तिथेच खेळतात. समोरच्या काकांनी मान हलवली पण मत बदललं नाही, घरी येताना आमच्याबरोबरच चालत आले. झाडं लावायचं ठरलंय, कुठली लावायची ते ठरवायला परत बोलावणार आहेत.